कार्यवाहीचा रकाना

शाळेतून फोन आला तेव्हा ताई सहावीच्या भूगोलातल्या चुका काढत बसली होती. छापखान्यात तिला सगळे अनुस्वारताई म्हणत. हरवलेला अनुस्वार तिला पानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो, अशी तिची ख्याती होती. फोनवर शाळेतल्या बाई एवढंच म्हणाल्या, "येता का जरा? ती कपाटात जाऊन बसलीय."

ती म्हणजे टिकली, ताईची नऊ वर्षांची मुलगी. हे नाव आजीनं, ताईच्या आईनं ठेवलेलं. खेळण्यातल्या बंदुकीच्या टिकलीसारखीच ही. एवढीशी, पण ठोका बसायचा अवकाश.

चित्रकलेच्या वर्गात एक ठेंगणं लोखंडी कपाट होतं आणि त्याचं दार आतून ओढून धरलेलं होतं. रांगेत हिची जागा कुणीतरी घेतली, हिनं त्याच्या डोक्यात पाण्याची बाटली घातली, आणि मग स्वतःच घाबरून आत शिरली, असं बाईंनी सांगितलं. ताई गुडघ्यांवर बसली.

"टिकली, बाहेर ये बरं."

दार किलकिलं झालं आणि आतून एक बूट आला.

"बाळा, काय झालं ते सांग तरी."

दुसरा बूट आला.

"बूट संपले," बाई हळूच म्हणाल्या. "आता ब्रश येतील."

ब्रश आले. एक ताईच्या कपाळाला लागला.

"आजी काय करायच्या हो?" बाईंनी विचारलं. "म्हणजे त्या यायच्या, हा वर्ग रिकामा करून मागायच्या, दार लावून घ्यायच्या. पंधरा-वीस मिनिटांनी दोघी बाहेर, जशा काही बाजारातून आल्यात. आम्हाला वाटायचं, एखादी गोळीबिळी देतात."

"गोळी सकाळीच देतो आम्ही."

"मग?"

"मला माहीत नाही," ताई म्हणाली.

आजीला जाऊन सोळा दिवस झाले होते. सोळा दिवसांत ही चौथी वेळ. बाई चांगल्या होत्या, म्हणून त्यांनी निरोप सांगताना खाली मान घातली. मोठ्या बाईंनी ठरवलं होतं, सोमवारपासून टिकलीला दोनच तास शाळेत पाठवायचं. तिला ताळ्यावर आणणारं कुणी माणूस मिळेपर्यंत.

"मी आहे ना," ताई म्हणाली.

कपाटातून आणखी एक ब्रश आला.

टिकलीच्या या असण्याला दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी नाव दिलं होतं. एडीएचडी. लक्ष टिकत नाही, हात-पाय थांबत नाहीत, हे चारचौघांना दिसतं, त्या म्हणाल्या होत्या. राग आणि रडू यांनाही तसाच ब्रेक नसतो, हे फक्त घरच्यांना दिसतं. "या मुलांना स्वतःचा राग एकट्यानं उतरवता येत नाही. आधी दुसऱ्या कुणाच्या तरी शांतपणाला टेकावं लागतं. शंभर वेळा टेकल्यावर कधीतरी आपलं आपण जमतं." मग फाइलमध्ये लिहिता लिहिता त्यांनी विचारलं होतं, "घरात लहानपणी असं आणखी कुणी होतं का?"

ताईनं आजीकडे पाहिलं. आजी पर्सची चेन लावत होती. "नाही बाई," ती म्हणाली. "आमच्यात असं कुणी नाही."

ताईला लहानपणी घरात भिंगरी म्हणत. भिंगरी जेवताना उठायची, अभ्यास करताना उठायची, झोपेतसुद्धा पलंगाच्या पायथ्याशी जाऊन पोचायची. तिनं दोन आरसे आणि शेजाऱ्यांची एक कुंडी फोडली होती. वडील ती चार वर्षांची असतानाच गेले. आई पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार खिडकीवर कारकून होती, एकतीस वर्षं त्याच खिडकीवर. शहराचे नळ कोरडे पडले की शहर तिच्यापुढे येऊन बोंबलायचं. संध्याकाळी सहाला ती घरी यायची, चपला काढायची, स्वयंपाकघरात जायची आणि दार लावून घ्यायची. दार लावताना म्हणायची, "खिडकी बंद."

बाहेर भिंगरी दारावर लाथा मारायची. दाराखाली बोटभर फट होती. लाथा मारून दमली की ती फरशीला गाल लावून त्या फटीतून आईची पावलं बघायची. पावलं हलायची नाहीत. रडत रडत ती तिथेच झोपायची आणि उठायची तेव्हा अंथरुणात असायची. म्हणजे कुणीतरी तिला उचलून नेलेलं असायचं. ते उचलणं तिला जागेपणी कधी मिळालं नाही.

पुढे भिंगरी पुस्तकात शिरली आणि तिथेच राहिली. पुस्तकाला दार नव्हतं. मग नोकरी, लग्न, जहाजावर सहा सहा महिने जाणारा नवरा, आणि टिकली. निवृत्त झाल्यावर आजी त्यांच्याकडे राहायला आली, आणि ताईनं आयुष्यात पाहिली नव्हती अशी एक बाई घरात वावरू लागली. टिकली फुटली की ही बाई ना घाबरायची, ना चिडायची. "चल आत," म्हणायची आणि दोघी आजीच्या खोलीत जायच्या. ताई कामावरून येऊन त्या बंद दाराबाहेर भाजी निवडत बसायची. कान देऊनही नुसती कुजबूज ऐकू यायची. चाळिशीतही ती आईच्या दाराबाहेरच होती.

आत काय चालतं, हे ताईनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आजीनं सांगितलं असतं, बहुधा. पण मग ताईला आणखीही एक गोष्ट विचारावी लागली असती, आणि ती विचारायची नाही हे दोघींनी न बोलता ठरवलेलं होतं.

शनिवारी आजीच्या कार्यालयातले जुने फिटरकाका भेटायला आले. माणूस बोलका. दुःख व्यक्त करून झाल्यावर त्यांचा चहा थंड झाला तरी गोष्टी संपेनात.

"तुमच्या आईच्या खिडकीवर माणूस वाघ होऊन यायचा आणि शेळी होऊन जायचा. आणि पाणी? पाणी यायचं चार दिवसांनीच!" ते हसले.

"करायची काय ती?"

"काय करायच्या म्हणजे, लिहून घ्यायच्या. फॉर्मच असायचा आमचा. समोरचा म्हणेल ते, त्याच्याच शब्दांत. शिवी दिली तर शिवीसुद्धा. मग तेच सावकाश वाचून दाखवायच्या. 'बरोबर आहे का? काही राहिलं का?' आपलीच शिवी दुसऱ्याच्या तोंडून अशी शांतपणे ऐकली ना ताई, की माणूस ओशाळतो. एकानं तर हात जोडून खोडायला लावली."

"एवढंच?"

"एवढंच जमत नाही कुणाला. फॉर्मच्या खाली एक कार्यवाहीचा रकाना असायचा. तो आमचा, फिटरचा. आम्ही पाइप बघून आलो की भरायचा. नवे कारकून काय करायचे, तर ओरडणाऱ्याला गप्प करायला तिथे खरडायचे, 'उद्या पाणी येईल.' अरे, पाणी काय तुझ्या काकाचं? परवा तोच माणूस दुप्पट आवाजात हजर! तुमच्या आईनं एकतीस वर्षांत त्या रकान्याला पेन लावलं नाही." फिटरकाकांनी कप खाली ठेवला. "तुम्ही नशीबवान. आम्हाला त्या आठ तास मिळायच्या, तुम्हाला घरी उरलेले सोळा."

ताईनं बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

ते गेल्यावर तिनं आजीचं कपाट उघडलं. टिकली समोरच्या घरी खेळायला गेली होती. स्वेटरांच्या घडीखाली त्या फॉर्मची जुनी पॅडं होती, कार्यालयाचं नाव छापलेली. निवृत्त होताना आजीनं घरी आणलेली असणार. जवळजवळ सगळी भरलेली. ताई फरशीवर बसून वाचू लागली.

तक्रारदार: टिकली. वेळ: ४.१०. तक्रार कुणाविरुद्ध: मोजा. तपशील: मोजा पायाला चावतो. सगळे म्हणतात चावत नाही. तो चावतो. वाचून दाखवले. बरोबर आहे.

तक्रार कुणाविरुद्ध: घड्याळ. तपशील: मी खेळत असते तेव्हा ते पळतं आणि गणिताच्या वेळी लंगडतं.

तक्रार कुणाविरुद्ध: मी. तपशील: मला मारायचं नव्हतं, हाताला होतं.

ताईला हसू आलं आणि ते अर्ध्यावर थांबलं, कारण पुढच्या फॉर्मवर लिहिलं होतं, तक्रार कुणाविरुद्ध: आई. तपशील: मी बोलते तेव्हा आई माझ्या वाक्यातली चूक ऐकते, वाक्य ऐकत नाही. त्याच्या पुढच्यावरही आई. मग एक दप्तराविरुद्ध, आणि पुन्हा तीन आई. आई मोठ्यानं श्वास सोडते. आईला मी झोपलेली आवडते. सगळं आजीच्या त्या गोल, कारकुनी अक्षरात. आणि हे सगळं लिहून झाल्यावर आजी बाहेर येऊन ताईला विचारायची, "कुकर लावलास का?"

मागच्या वर्षीच्या एका पॅडमध्ये तिला हे सापडलं.

तक्रारदार: टिकली. वेळ: ५.३५. तपशील: तक्रारदाराने विचारले की तिची आई लहान असताना तिची तक्रार घेतली जात होती का. उत्तर दिले: नाही. तक्रारदाराने विचारले, का. उत्तर दिले: तेव्हा खिडकी बंद होती. तक्रारदार म्हणाली, हे चूक आहे. वाचून दाखवले. बरोबर आहे.

खाली कार्यवाहीचा रकाना. त्यात बाकीच्या फॉर्मांसारखीच एक तिरकी रेघ.

ताई त्या रेघेकडे खूप वेळ बघत राहिली. आठ वर्षांच्या मुलीपुढे कबूल करता आलं. सरकारी कागदावर लिहिता आलं. बाहेर भाजी निवडत बसलेल्या बाईला त्यानंतर एकदाही सांगता आलं नाही. निदान इथे तरी, ताईला वाटलं, ही रेघ मारायला नको होती. काहीही लिहायचं होतं. एक शब्द चालला असता.

तिनं सगळी पॅडं पहिल्या पानापासून पुन्हा चाळली. तक्रारदार म्हणून ती कुठेच नव्हती. शेवटच्या पॅडमध्ये काही कोरे फॉर्म उरले होते. ते तिनं बाजूला काढले.

रविवारी सकाळी पावाचा तुकडा मोडला. टिकलीला तो अख्खा हवा होता. बशी भिंतीवर गेली, दूध खुर्चीवर, आणि टिकली टेबलाखाली गेली ती टेबलालाच डोकं आपटू लागली. ताई पॅड आणि पेन घेऊन खाली बसली. टिकलीचं डोकं थांबलं.

"हे आजीचं आहे."

"हो. सांग तक्रार."

"तुला येतं?"

"शिकतेय."

टिकलीनं नाक ओढलं. "तू मुद्दाम पाव मोडलास."

"मुद्दाम नाही गं, घाईत मोड..."

"मी म्हणते ते लिहायचं!"

"बरं, बरं. मुद्दाम." तिनं लिहिलं. पेन अडखळलं, पण लिहिलं. "पुढे?"

"आजीनं अख्खा दिला असता."

"आजीनं अख्खा दिला असता."

"आणि तू मोडल्यावर म्हणालीस, पोटात जाऊन तुकडेच होणारेत. ते मला आवडलं नाही."

ताईनं तेही लिहिलं आणि वाचून दाखवलं. टिकली टेबलाखालून ऐकत होती. तिचा श्वास खाली उतरला. तिनं पाय लांब केले आणि एक पाय येऊन ताईच्या मांडीला लागला. तो तिनं काढून घेतला नाही.

जमत होतं. इतक्या सहज जमत होतं. फॉर्मच्या तळाशी तो रकाना होता, कालपासून तिच्या डोळ्यांत सलणारा. आपल्या मुलीचा रकाना असा रेघ मारून सोडायचा नाही, असं तिनं कालच ठरवलं होतं. तिनं सुंदर अक्षरात लिहिलं, 'यापुढे पाव अख्खाच देण्यात येईल,' आणि फॉर्म टिकलीपुढे धरला.

टिकलीनं वाचलं. तिचा पाय मागे गेला.

"इथे कुणी लिहायला सांगितलं?"

"अगं, तुझी तक्रार मिटली ना आता."

"नाही मिटली! आजी इथे काही लिहायची नाही! तू लिहिलंस म्हणजे मी गप्प बसायचं, असंच ना?" फॉर्मचे तुकडे झाले. ताईनं तिला धरायला हात पुढे केला, तर टिकली त्याला चावली, पार दात उमटेपर्यंत, आणि पळून पलंगाखाली शिरली.

आणि ताई ओरडली. ओरडताना तिला स्वतःचा आवाज ओळखू येत नव्हता. "तुझी आजी! आजी, आजी! मला विचारलं नाही तिनं कधी! एकदासुद्धा! दाराबाहेर झोपायचे मी, कळलं?"

पलंगाखालून बारीक आवाज आला. "मग मी काय करू?"

प्रश्न बरोबर होता. ताई मनगटावरचे दातांचे व्रण बघत फरशीवर बसून राहिली. खुर्चीवरून दूध ठिबकत होतं.

सोमवारी शाळा साडेआठची. आठ वाजता दप्तर, गणवेश, गोळी, सगळं झालं. टिकली जिना उतरू लागली आणि दुसऱ्या वळणावर खाली बसली.

"ऊठ, राणी. उशीर होतो."

ती उठली नाही. कठड्याच्या गजावर ती बुटानं ठोके मारू लागली, आधी हळू, मग जोरात. मग तोंडानं एकच सूर काढू लागली, कानात सळई जावी तसा. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून "सकाळी सकाळी काय हे!" म्हटलं आणि आपटून लावलं. ताईच्या ओठांवर तीन वाक्यं आली, तिन्ही तिच्या आईची. ती तिनं गिळली. वर जाऊन पॅड घेऊन आली आणि दोन पायऱ्या खाली, भिंतीला टेकून बसली. साडेआठ झाले. पावणेनऊ झाले. दूधवाला दोघींच्या मधून पाय उचलून गेला.

सूर थांबला. "कुणाविरुद्ध लिहिणार?" टिकलीनं विचारलं.

"तू सांगशील त्याच्या."

"आजी."

ताईनं लिहिलं.

"आजी न सांगता मेली. दुपारी घ्यायला येते म्हणाली होती. मी गेटपाशी उभी होते. ती आली नाही. तू आलीस."

ताईनं लिहिलं, 'आई आली.'

टिकलीनं मान वाकडी करून पाहिलं. "तू आलीस, असं लिही."

'तू आलीस.'

"वाच."

ताईनं वाचलं. मग विचारलं, "काही राहिलं का?"

टिकली बुटाच्या नाडीचं टोक चावत होती. "राहिलं," ती म्हणाली. "तुला बघून मला राग आला. मला आजी हवी होती. तू नको होतीस."

ताईनं ते शब्द तिच्याच क्रमानं लिहिले. मग ते वाचायचे होते. गणवेशातल्या, एक नाडी सुटलेल्या, नाक वाहणाऱ्या मुलीकडे बघून, आवाज न चढवता, न उतरवता. "मला आजी हवी होती. तू नको होतीस. बरोबर आहे का?"

"बरोबर आहे."

ताईनं पेनाला टोपण लावलं. खालचा रकाना तिनं तसाच सोडला. टिकलीनं कागद घेतला, उलटसुलट करून पाहिला, खाली काही लिहिलेलं नाही याची खात्री करून घेतली. मग एक पायरी सरकून खाली आली. आणखी एक सरकली असती तर ताईला टेकली असती. तेवढी नाही सरकली.

सव्वानऊ झाले होते. दोन तासांच्या शाळेतून पाऊण तास गेला होता.

"आता तुझी घेते," टिकली म्हणाली. तिनं पॅड मांडीवर घेतलं, पाठ ताठ केली, आवाज जाड केला. "तक्रारदार?"

"राहू दे गं."

"खिडकीवर आलात, आता बोला. रांग आहे मागे."

ताईला हसावं लागलं. "तक्रारदार, आई."

"कुणाविरुद्ध?"

"माझी आई."

"म्हणजे आपलीच आजी?" टिकलीनं लिहिलं. "आपल्या दोघींची तक्रार एकीविरुद्धच. तपशील?"

ताईनं तोंड उघडलं. इतकी वर्षं हे वाक्य तिच्यात पाठ होऊन पडलं होतं, आणि आता ते कुठून सुरू होतं तेच आठवेना. "मी सात वर्षांची होते," ती म्हणाली.

"हळू, हळू. सात... वर्षां... ची..."

"आणि मला आईला काहीतरी दाखवायचं होतं. काय ते आता आठवत नाही. मी दिवसभर ते मुठीत..."

खालच्या अंगणात कुणीतरी नळी लावून गाडी धुवायला घेतली. पाण्याचा फवारा चाकावर फुटल्याचा आवाज आला. टिकलीची मान वळली. पेन पायरीवर पडलं, मग पॅड, आणि ती जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरत गेली. दप्तर मागे राहिलं.

"टिकली," ताई म्हणाली. मोठ्यानं नाही.

तिनं पॅड उचललं. 'मी सात वर्षांची' इथवर आलं होतं. पुढचं आपलं आपण लिहून टाकता आलं असतं, पण वाचून कोण दाखवणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, यात तिचा दोष नसतो, लक्ष निसटतं. ते ताईला माहीत होतं. आतून माहीत होतं. तरी ती त्या अर्ध्या ओळीकडे बघत जिन्यात बसली, आणि तिच्या छातीत जे उठलं ते सात वर्षांच्या मुलीचं होतं. पाय आपटण्याचं, गजांवर ठोके मारण्याचं.

खाली बादली उलटली. एक पुरुष ओरडला, "अहो, अंगावर काय! अहो, कुणाची मुलगी ही?"

उत्तर देणारं दुसरं कुणी नव्हतं.

"माझी," ताई म्हणाली. तिनं दप्तर खांद्याला लावलं आणि खाली उतरू लागली.